डोक्यामागे छप्पर

सदर इसमाचे वर्णन येणेप्रमाणे. बांधा मजबूत. रंग उन्हाने ठरवलेला. उंची मध्यम, चिखलात उभा असता त्याहून कमी. ओळखीच्या खुणा: डाव्या कानाचा वरचा भाग नाही (गोऱ्हा, तांबडा). उजव्या बरगड्या वाकड्या जुळलेल्या (गोऱ्हा, काळा). पुढचे दोन दात नाहीत (मेव्हणा). शिक्षण: सही येते. पद: हाकारा. कर्तव्य: आवारातील जनावरांमध्ये शांतता व सुव्यवस्था राखणे. साधन: काठी. व्यसन: वरीलप्रमाणे.

या इसमाला सगळे टोला म्हणत. हे नाव त्याला कामावर आल्या आल्याच मिळालं. आवारात दोन गोऱ्हे शिंगात शिंग अडकवून एकमेकांना कुंपणावर आपटत होते आणि बाकीचे कामगार कुंपणाच्या सुरक्षित बाजूने त्यांना समजावत होते. हा नवा माणूस आत शिरला आणि त्याने एकाच्या नाकाडावर असा टोला हाणला, की जनावर गुडघ्यावर आलं. दुसऱ्याने मधल्या वेळात याचा कान नेला. कानाला फडकं बांधत तो म्हणाला, "बाकीचे आहेत तिथंच आहेत ना?" लोकांना आधी वाटलं तो जनावरांबद्दल विचारतोय. तो दातांबद्दल विचारत होता. तेव्हा ते होते.

आवार म्हणजे शहराबाहेरची उघडी जमीन. भोवती लोखंडी नळ्यांचं कुंपण, एका बाजूला सिमेंटची लांबलचक गव्हाण, कोपऱ्यात पाण्याचा हौद, आणि वर आकाश. इथे कोवळे गोऱ्हे येत, काही महिने पेंड आणि चारा खात, वजन धरत आणि ट्रकमध्ये चढत. परत आल्याचं कोणी ऐकलेलं नाही. कागदोपत्री या मधल्या काळाला 'पोषण' म्हणत. प्रत्यक्षात ती खाण्यासाठी मध्ये सुट्ट्या असलेली मारामारी होती.

कारण साधं होतं. ऊन तापलं की सगळी जनावरं हौदाभोवती दाटत, आतलं बाहेर पडू बघे, बाहेरचं आत, आणि जे मध्ये पाय घसरून पडे त्याच्यावरून बाकीची चालत जात. पाऊस लागला की गुडघाभर चिखल होई. शेण आणि माती यांत फरक उरत नसे. त्यात जनावर बसत नाही. बसलं नाही की त्याला विश्रांती नाही, आणि विश्रांती न मिळालेलं जनावर शेजाऱ्याच्या पोटात शिंग घालण्यासाठी कारण शोधत नाही. मग कुंपणावरून हाक यायची, "टोला!" आणि हा काठी घेऊन उतरायचा. नाकाडावर, शिंगाच्या मुळाशी, गुडघ्याच्या मागे. कधी एक जनावर रक्तबंबाळ होऊन बाजूला व्हायचं, कधी हा. त्याच्याखेरीज आत कोणी जात नसे. हे त्याला फार आवडत असे.

घर दोन खोल्यांचं. बायको कपडे शिवायची. एकदा डॉक्टर जागेवर नव्हता तेव्हा तिने नवऱ्याची पोटरीही शिवली. टाके इतके सरळ आले, की पुढच्या खेपेला त्याने डॉक्टरची चौकशीच केली नाही. आवारातली सवय घरी आणायचा प्रयत्न त्याने एकदाच केला. तिच्यावर हात उगारला, आणि तो खाली यायच्या आत तिचा धाकटा भाऊ दारात उभा होता. दोन दात त्या दिवशीचे. घरातल्या शांतता व सुव्यवस्थेचा कारभार तेव्हापासून मेव्हण्याकडे गेला. गंमत म्हणजे दोघांचं नंतर चांगलं जमलं. टोल्यानेच त्याला आवारात खुराकाच्या ट्रॅक्टरवर लावून दिलं. "माणूस हाताचा भक्कम आहे," अशी त्याने शिफारस केली. ती करताना त्याच्या बोलण्यातला 'स' दातांच्या फटीतून शिट्टीसारखा निघाला.

छपराचा विषय निघाला तो एका उन्हाळ्यात. उष्णतेने उभी जनावरं कोसळायला लागली. हौदाजवळ एक दुपार अशी गेली, की पाणी प्यायला वाकलेल्या गोऱ्ह्याला मागच्यांनी हौदातच दाबून बुडवलं. टोल्याने मागच्यांना इतकं झोडपलं, की काठीच्या चिरफळ्या झाल्या, पण हौदाच्या काठावर शिंगं टेकलेलं ते डोकं वर आलं नाही. मालकीणबाई बघत होत्या. चुलत्याकडून हे आवार त्यांच्याकडे येण्याआधी त्यांचं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलं होतं. तिथे गिऱ्हाईक एकमेकांना कोपराने ढकलतं, बुडवत नाही. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

डॉक्टरीणबाई कुंपणावर हात टेकून म्हणाल्या, "कायमचं छप्पर घाला."

"शेडनेट टाकली होती की. वाऱ्याने गेली."

"जाणारच. लोखंडी खांब, वर पत्रा, उंच, चारी बाजूंनी वारा खेळता. खाली कोरडा भुसा. जनावर आडवं होईल."

"आजारी पडून?" मालकीणबाई घाबरल्या.

"बसून हो! बसेल, रवंथ करेल. बसलेलं जनावर वजन धरतं, उभं असलेलं जाळतं, आणि भांडणारं स्वतःचंही जाळतं, दुसऱ्याचंही. खुरं सडणार नाहीत. खुराक पावसात भिजून वाया जाणार नाही. शेण कोरडं राहिलं तर खत म्हणून उचलतील. आत्ता तुम्ही ते ओढ्याला फुकट वाटताय." मग त्यांची नजर टोल्याच्या हाताकडे गेली. "आणि ही काठी लागणार नाही."

ट्रॅक्टरवरून मेव्हणा ओरडला, "ऐकलं का दाजी? मग तुम्हीपण बसा. रवंथ करा!"

सगळे हसले. टोलाही हसला, पण त्याचं हसू दातांच्या फटीशी येऊन थांबलं. पन्नाशी ओलांडलेल्या त्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट येत होती: दुसरं कोणी शिरणार नाही तिथे शिरणं. तिथे शिरायला काही कारणच उरलं नाही तर तो कोण होता? कान नसलेला एक गृहस्थ. त्या दुपारपासून त्याला छपराने घेरलं. छप्पर झालं की आपण गेलो, एवढं त्याला स्वच्छ दिसत होतं.

गाडीत बसता बसता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि छप्पर डोक्यामागे धरा हं, म्हणजे कमी पडणार नाही." गाडी गेली.

मालकीणबाईंनी जन्मभर कापड लांबीत मोजलं होतं. त्यांनी बोटं हवेत ताणून बघितली. "डोक्यामागे म्हणजे कसं हो, टोलाभाऊ?"

आवारात प्रत्येक गोष्ट डोक्यामागे होती. डोक्यामागे पेंड, डोक्यामागे मीठ, डोक्यामागे पाणी. म्हणजे दर जनावराला इतकं. हा शब्द टोल्याने त्या आवारात रोज ऐकला होता, रोज वापरला होता. तो काठीवर रेलला आणि तोंडावरची माशीसुद्धा न हलवता म्हणाला, "डोकं गव्हाणीत असतं ना बाई. त्याच्या मागे. मानेपासून शेपटीपर्यंत."

"बास? एवढंच?"

"डॉक्टरीणबाईच म्हणाल्या की, तेवढं धरलं की कमी पडणार नाही."

मालकीणबाईंचा चेहरा उजळला. एवढ्याशा पट्टीवर भागणार असेल तर तागा कशाला फाडायचा? डबा घेऊन आलेली टोल्याची बायको तिथेच उभी होती. संध्याकाळी मशीन चालवता चालवता तिने विचारलं, "अहो, डोक्यामागे म्हणजे दर डोई ना?"

"तू शिवण कर."

तिने शिवण केलं. पण त्या संध्याकाळी दोरा दोनदा तुटला.

छप्पर उभं राहिलं. गव्हाणीच्या कडेने एक अरुंद, लांब पट्टी, एका रांगेत उभ्या जनावरांच्या पाठी झाकेल एवढी. वेल्डरने दोनदा विचारलं, "नक्की एवढंच?" मेव्हण्याने ते बघून ट्रॅक्टर थांबवला. "बस किती वाजता येते हो इथे?"

बस आली नाही; बाकी सगळं आलं. आवारभर ऊन आणि एकच पट्टी सावली, तीही नेमकी खुराकासमोर. दांडग्या गोऱ्ह्यांनी पहिल्याच दिवशी ती बळकावली आणि सोडली नाही. ते दिवसभर तिथेच उभे राहत, पोट भरलं तरी हलत नसत. मागे उपाशी, तापलेली रांग. तिला दिसत काय, तर पुढच्यांचे पार्श्वभाग. ती शिंगं खाली घालून तिथेच घुसवायची. पुढचे मागे लाथा झाडायचे, वळायचे, फाडायचे. पावसाच्या सरी आल्या तेव्हा पत्र्यावरचं सगळं पाणी एका सरळ रेषेत खाली पडून पाठीमागे चर तयार झाला. त्यात पाय अडकून एकाचं हाड मोडलं आणि सकाळपर्यंत त्याच्या अंगावर उभं राहून इतरांनी पत्र्याखालची पुढची जागा मिळवली.

टोल्याची भरभराट झाली. हाका दिवसभर येत. काठ्या मोडत, नव्या येत. त्याचा खांदा निखळला, बायकोने ओढून बसवला. ओढताना तिने गरजेपेक्षा जरा जास्तच जोर लावला. मालकीणबाई कुंपणाबाहेरून म्हणायच्या, "टोलाभाऊ नसते तर काय झालं असतं!" तो मान खाली घालून हे ऐकायचा. नम्रतेमुळे नव्हे, हसू लपवायला.

चर इतका खोल गेला, की छपराचे खांब हलायला लागले. एका भर दुपारी मेव्हणा खडीची पाटी घेऊन आत उतरला. टोला तेव्हा हौदाजवळ दुसरीच मारामारी मोडत होता. "थांब, मी येतो!" तो ओरडला. "तुम्ही याल तोवर खांब येईल अंगावर!" मेव्हण्याने उत्तर दिलं आणि खडी ओतायला वाकला.

मागच्या रांगेतला एक पांढऱ्या तोंडाचा गोऱ्हा त्याच वेळी निघाला. तो पुढच्या काळ्याच्या मांड्यांत शिरला, काळा उसळून वळला, आणि वळताना त्याने मेव्हण्याला खांबावर चिणलं. खांब कलला. वरचा पत्रा एका कडेने सुटून सुऱ्यासारखा खाली आला आणि दोन जनावरांच्या पाठी उघड्या करून गेला. रक्ताचा वास आला तशी सगळी रांग वेडी झाली. मेव्हणा मध्ये होता. त्याचं फक्त डोकं दिसत होतं, आणि ते ओरडत नव्हतं. त्याला श्वासच मिळत नव्हता.

टोला जनावरांच्या पाठींवरून आला. हे शब्दशः घ्यावं. काळ्याच्या नाकाडावर त्याने टोला हाणला, दुसरा हाणला, तिसऱ्याला काठी मोडली. उरलेलं टोकदार दांडकं त्याने जनावराच्या मानेत खुपसलं. काळा हलेना, मागून पांढऱ्या तोंडाचा त्याला दाबतच होता. टोल्याने बोटं थेट काळ्याच्या नाकपुड्यांत घातली आणि डोकं पिळलं. शिंग त्याच्या काखेतून शर्ट, कातडी घेऊन गेलं. त्याने सोडलं नाही. पत्र्याबरोबर सुटून आलेला लोखंडी नळीचा तुकडा हाताला लागला, तो त्याने दोन्ही हातांनी शिंगाच्या मुळाशी घातला, पुन्हा घातला, कवटी दबल्याचा आवाज येईपर्यंत घातला, आणि आल्यानंतरही घातला. काळा चरात गुडघ्यावर बसला, मग कुशीवर पडला. मेव्हणा खांबावरून घसरून त्याच्या पोटावर पडला. त्याची मांडी नको तिथे वळली होती.

"दाजी," तो कसाबसा म्हणाला, "काठी लागते हां अजून."

आणि बेशुद्ध पडला. टोला त्याला ओढत कुंपणाकडे निघाला आणि मागे येणाऱ्या प्रत्येक जनावराला त्या लोखंडाने मारत राहिला. जी येत नव्हती त्यांनाही.

दवाखान्याच्या बोळात बायको आली ती डब्यासकटच. तिने भावाची चौकशी केली. मांडीचं हाड तीन ठिकाणी, कमरेचं एका ठिकाणी, जगेल, चालेल, पण सरळ नाही. तिने ते शांतपणे ऐकलं. मग ती नवऱ्यासमोर उभी राहिली. त्याच्या कपड्यांवर कोणाकोणाचं रक्त होतं ते सांगणं अवघड होतं.

"डोक्यामागे," ती म्हणाली. "मानेपासून शेपटीपर्यंत."

तो भिंतीकडे सरकला.

"तुम्हाला माहीत होतं."

"एवढं होईल असं…"

स्टीलचा डबा त्याच्या कानशिलावर बसला. झाकण उडून बोळभर गेलं. परिचारिका धावत आली. "ओ बाई, इथे नाही! दवाखाना आहे हा! बाहेर जा!" बायको त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली आणि तिथे पुन्हा मारलं. नंतर ती तशीच मालकीणबाईंकडे गेली आणि मराठी भाषेतल्या त्या एका शब्दाचा अर्थ त्यांना समजावून सांगितला.

मालकीणबाईंनी टोल्याला बोलावून घेतलं. त्यांनी पहिल्यांदाच टोल्याला नुसतं 'टोला' म्हटलं. "त्या पट्टीखाली दुसरं कोणी जायला तयार नाही, टोला. म्हणून पूर्ण छप्पर होईपर्यंत तुम्ही लागाल. पुढचं पुढे."

पुढचं काय ते दोघांनाही माहीत होतं. टोल्यापाशी आता एकच आशा उरली होती: छपराखालीही जनावरं एकमेकांना फाडतील. ती फाडणारच, तो ठामपणे म्हणायचा. जनावराची जातच ती. पत्र्याने काय स्वभाव बदलतो? बायको मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "कोणाचा?"

छप्पर झालं. या वेळी मोजणी डॉक्टरीणबाईंनी स्वतः उभं राहून केली. आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्रा, मध्ये उंच कणा, गरम हवा वर निघून जायला फट, पाणी बाहेर न्यायला पन्हळी. खाली भुशाचा जाड थर. जनावरं आत सोडली तेव्हा टोला मधोमध काठी घेऊन उभा राहिला. पहिल्या दिवशी थोडी ढकलाढकली झाली. त्याने दोघांना झोडपलं आणि मालकीणबाईंकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सावली सगळीकडेच आहे हे जनावरांच्या लक्षात आलं. जिच्यासाठी भांडायचं ती गोष्टच कुठे सापडेना. तिसऱ्या दिवशी एक गोऱ्हा पुढचे पाय दुमडून बसला. शेजारचा बसला. मग आवारात कधी न ऐकलेला आवाज सुरू झाला, शेकडो जबडे सावकाश चावत असल्याचा. पाऊस पत्र्यावर कोसळला तेव्हा त्यांनी कान टवकारले, वर बघितलं आणि पुन्हा चावायला लागले.

ट्रक आले की जनावरं काट्यावर जड भरत. शेण न्यायला बागायतवाले गाड्या लावत. डॉक्टरीणबाई येत, खुरं बघत आणि काही न लिहिता परत जात. कुबडी घेतलेला मेव्हणा आता बाहेर बसून खुराक मोजून द्यायचा. टोला जनावरांच्या मधून चालायचा. पूर्वी तो आला की वाट व्हायची. आता त्याला बसलेल्या जनावरांना वळसा घालून जावं लागे.

"दाजी, हळू," मेव्हणा बाहेरून म्हणायचा. "झोपमोड होईल त्यांची."

एका दुपारी तो एका तांबड्या गोऱ्ह्यासमोर थांबला. गोऱ्हा रवंथ करत होता. टोल्याने काठीने त्याला ढोसलं. गोऱ्ह्याने बघितलं. टोल्याने लाथ घातली. गोऱ्हा उठला, दोन पावलं बाजूला गेला आणि हुंकारून पुन्हा बसला. एवढंच. ना शिंग, ना लाथ.

"ऊठ," टोला म्हणाला. "ऊठ की, लेका! ये!"

गोऱ्हा आला नाही. मग टोल्याने मारायला सुरुवात केली. नाकाडावर, शिंगाच्या मुळाशी, डोळ्यावर, येत होतं ते सगळं. जनावर ओरडलं, उठायला बघू लागलं, पाय भुशात घसरले. तो मारत राहिला, ओरडत राहिला, त्याच्याच तोंडातून फेस यायला लागला. आजूबाजूच्यांनी माना वळवून बघितलं, आणि चावणं थांबवलं नाही. त्या एवढ्या मोठ्या छपराखाली तोच एकटा भांडत होता.

त्याला धरायला मेव्हणा कुबडी टाकून आत आला. पडला, पण आला. त्याने टोल्याचा पाय धरला. टोल्याने काठी त्याच्यावर उगारली, आणि ती तशीच वर राहिली. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. तांबड्याचा एक डोळा गेला होता. छप्पर झाल्यापासून आवारात जखमी झालेलं ते पहिलं जनावर.

निरोप रीतसर झाला. मालकीणबाई माणसाला असंच घालवणाऱ्यांतल्या नव्हत्या. खुराकाच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, शाल दिली, आणि त्यांनी कागदावरून वाचलं, की सदर कर्मचाऱ्याने प्रदीर्घ काळ, जिवाची पर्वा न करता, अत्यंत जोखमीचे कर्तव्य एकहाती पार पाडले. त्यांचे पद संस्थेच्या कामकाजाचा कणा होते. त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी भरून काढणे केवळ अशक्य आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेव्हण्याने कुबडी आपटून वाजवल्या. टोला शाल खांद्यावर घेऊन बायकोमागोमाग घरी गेला.

त्याच्या जागी कोणालाही नेमलं नाही.